अर्ध्या पाठीवरची वेल

"मग चुकलं कुठं, ते तरी सांगा."

दस्तगीरचाचांनी लोखंडी पट्टी उजेडाकडं धरली. पट्टीच्या अरुंद कडेवर लोखंड घासायच्या कानशीनं वेल कोरलेली होती. पान, मग वळण, मग पान. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही खाच पुढंमागं नव्हती.

"चुकलं न्हाई कुटं."

"मग सुरी द्या माझ्याकडं."

चाचांनी पट्टी कोपऱ्यातल्या ढिगावर टाकली. ढिगात तसल्या तीस-चाळीस पट्ट्या होत्या.

"आनि एक करा, साहेब."

साहेब म्हणजे मनोहर वायचळ. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, अचूक हत्यारं आणि साचे घडवण्यात, चौतीस वर्षं काढलेला माणूस. केसाच्या जाडीचा फरक ते नुसतं बोट फिरवून सांगत, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की त्यांना बरं वाटे. निवृत्त झाले तरी ती खोड काही गेली नव्हती.

दस्तगीर शिकलगार कृष्णाकाठच्या एका गावात सुऱ्या, विळे आणि अडकित्ते करत. शाळा चौथीपर्यंत. मोजायला त्यांच्याकडं एक फूटपट्टी होती, आणि तिच्यावरचे आकडे कधीच पुसून गेले होते. अशा माणसापुढं वायचळ आठवड्यातून दोनदा एसटीनं येऊन उभे राहत, आणि "आनि एक करा" एवढंच ऐकून परत जात.

दुसरा कुणी असता तर वायचळांनी त्याला केव्हाच उभाआडवा झापला असता. पण सुरी चाचांच्या पेटीत होती.

आणि ती सारंगची होती.

सारंग म्हणजे वायचळांचा एकुलता एक मुलगा. डिप्लोमा झाल्यावर बापानं त्याला आपल्याच कारखान्यात चिकटवलं होतं. वर्षभरात तो ते सोडून इथं आला. सुऱ्या करायच्या म्हणाला.

"कानस धरता येत नाही तुला, आणि सुऱ्या करणार?"

हे वायचळांचं त्याच्याशी शेवटचं बोलणं. नंतर पाच वर्षं दोघांत शब्द नव्हता. आई त्याला दुपारी फोन करायची, बाप झोपलेला असताना.

मग एका हिवाळ्यात, कारखान्यांना ऊस जात होता तेव्हा, मागचा दिवा नसलेल्या एका ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. सव्वीस वर्षांचा होता.

तेरावं झाल्यावर वायचळ त्याचं सामान न्यायला आले. चाचांनी कपडे दिले, चपला दिल्या, तडा गेलेला मोबाइल दिला. मग पेटीतून तेलकट फडकं काढून उलगडलं.

आत सुरी होती. मूठ अजून बसवलेली नव्हती. पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट बाजूला, वेल कोरली होती. ती मुठीकडून निघाली होती आणि निम्म्यावर थांबली होती.

बारा पानं. पुढं कोरी पाठ.

"कुणासाठी करत होता?"

"इचारलं न्हाई म्या."

वायचळांनी कोऱ्या पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पुरी करतो मी."

"येतं?"

"चौतीस वर्षं कानस धरलीय."

"सुरीवर?"

वायचळांनी पात्यावरचं बोट मागं घेतलं.

"मग शिका. तवर हितंच ऱ्हाऊ दे. पात्याला तापवून पानी दिलं की कानस चालत न्हाई, नुस्ती वरनं सरकती. म्हून तसंच कच्चं ठेवलंय."

"तुम्हीच का नाही पुरी केलीत?"

"माजी न्हाई ती," चाचा म्हणाले आणि फडकं पुन्हा गुंडाळलं.

अशी ही शिकवणी सुरू झाली.

आयुष्यभर सपाटी आणण्यात गेलेल्या हाताला आता खाचा पाडायच्या होत्या. गोल कानशीनं एकदा पाठीच्या या कडेला वळण घ्यायचं, एकदा त्या कडेला, आणि मधे तिधारी कानशीनं तिरकं पान काढायचं. ऐकायला सोपं आहे. वायचळांची पहिली पट्टी उंदरानं कुरतडल्यासारखी झाली. चाचा हसले नाहीत. वायचळांना ते जास्त लागलं.

पण माणूस हट्टी. घरी गॅलरीत लोखंड आवळून धरायचा व्हाइस बसवला. सकाळ-दुपार खरखर चालायची. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही, कारण त्या घरात काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सात महिन्यांनी ही आजची पट्टी झाली होती, जिच्यात चूक म्हणून नव्हती. आणि तरीही… आनि एक करा.

"नाही करणार," वायचळ म्हणाले. "आधी कारण सांगा. चूक नाही म्हणता, आणि सुरी देत नाही. हा कुठला न्याय झाला?"

चाचांनी पेटी उघडली. सुरी काढून ऐरणीवर ठेवली, शेजारी ढिगातली ती पट्टी ठेवली.

"बगा."

वायचळांनी चष्मा पुसला. वाकून बघितलं. आणि त्यांना दिसलं. इतके दिवस सुरी फडक्यात आणि पट्ट्या ढिगात, दोन्ही कधी शेजारी आल्याच नव्हत्या.

"त्याची पानं उलट्या बाजूला झुकलीत."

चाचांनी पट्टी उचलून परत ढिगावर टाकली.

"एवढंच ना? मग आधी बोलायचं होतंत."

वायचळांनी पिशवीतून कोनमापक काढला. सारंगच्या बाराही पानांचे कोन मोजून वहीत लिहिले आणि शेवटच्या एसटीनं घरी गेले. जाताना त्यांच्या चालण्यात पुष्कळ दिवसांनी जोर होता.

पुढच्या फेरीला ते नवी पट्टी घेऊन आले.

"कोपर बाहेर काढून, अंग वळवून केलंय. कोन तंतोतंत आहेत. मोजून घ्या."

चाचांनी मोजलं नाही. पट्टीच्या एका पानातून अंगठ्याचं नख फिरवलं. मग सुरीच्या एका पानातून फिरवलं. मग सुरी वायचळांपुढं सरकवली.

"नखानं बगा."

वायचळांनी नख फिरवलं. एकदा… दोनदा. त्यांचा चेहरा उतरला.

कोन जुळला होता, पण खोली जुळत नव्हती. त्यांच्या पानात कानस या कडेनं आत शिरली होती, सारंगच्या पानात त्या कडेनं. त्याचं जिथं खोल, तिथं यांचं उथळ. ही दोन पानं एका वेलीवर बसली नसती.

सात महिन्यांचा राग तोंडावर आला.

"वाकडाच हात होता त्याचा! लहानपणापासून. साधी रेघ सरळ मारली नाही कधी. मी सांगून सांगून थकलो. आता त्याची चूक मी कशी काय करू?"

चाचा उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. वायचळांच्या समोर आले.

त्यांनी वायचळांच्या उजव्या हातातली कानस काढून घेतली. ती डाव्या हातात दिली. एकेक करून बोटं तिच्या मुठीवर मिटवली.

"आता पाडा खाच."

"या हातानं?"

वायचळ व्हाइसकडं वळले. डाव्या हातानं कानस चालवायला पलीकडच्या बाजूला जावं लागलं. तिथं पाय ठेवला, तर पायाखालची जमीन जरा खोलगट लागली. बाकी सगळी जमीन सारखी होती. तिथंच कुणीतरी रोज उभं राहिलेलं होतं.

त्यांनी कानस लावली. ती घसरली. पुन्हा लावली. कशीबशी एक खाच पडली. टूलरूममधल्या कुणा नवख्यानं ती पाडली असती, तर वायचळांनी पट्टी त्याच्या अंगावर भिरकावली असती.

खाच भिकार होती. पण झुकली होती तिकडंच. आणि नख फिरवलं तर खोलीही त्याच कडेला होती.

वायचळ खाली बसले. जमिनीवरच. कानस हातात तशीच.

"डाव्या हातानं करायचा?"

"व्हय."

"तुम्ही शिकवलंत?"

"म्या काय शिकिवतोय? मला कुटं येतं डाव्यानं." चाचाही समोर बसले. "पयल्या म्हैन्यात उजव्या हातानं करायचा. कानस धरली की हात लटलट कापायचा त्येचा. लय भ्यायचा पोरगा. मला वाटलं, दुसऱ्या हाताला काय इजा असंल. म्हून इचारलं."

"काय विचारलंत?"

"म्हटलं, ह्या हाताला काय झालंय रं?"

"मग?"

"म्हनला, काई न्हाई चाचा. त्यो वापरायचा न्हाई."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

मग वायचळ बोलले.

"रुमालानं बांधायचो मी. तो हात. खुर्चीच्या दांडीला… अभ्यास होईपर्यंत."

चाचांनी मान खाली घातली.

"सगळ्या मशीनचे दांडे उजव्या हाताला असतात. पुढं अडू नये त्याचं… लोकांनी हसू नये. त्याच्या भल्यासाठीच ना?"

चाचा जमिनीवरचा कीस बोटानं सारखा करत होते.

"भल्यासाठीच, चाचा."

चाचांनी त्या वेळी नुसतं 'असू द्या' म्हटलं असतं, तरी वायचळांना पुरलं असतं. त्यांनी ते म्हटलं नाही. वायचळ रडले. साठी ओलांडलेला, कडक इस्त्रीचा माणूस, लोखंडाच्या किसात बसून रडला. मुलगा गेला त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं. कोणत्या हातानं पुसावं तेही त्यांना क्षणभर कळेना.

"मला किती दिवस लागतील? डाव्या हातानं?"

"पोराला उजव्याला किती लागलं हुतं?"

"दोन वर्षं… पहिली आणि दुसरी."

"मग मला कशापायी इचारता?"

वायचळांनी त्यानंतर तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. हीच पहिली गोष्ट, जी त्यांनी इथं मुकाट ऐकली.

घरी डाव्या हातानं सगळं सुरू झालं. दात घासणं, कुलूप उघडणं, गुंड्या लावणं. चहा बशीत सांडायचा. बाजारातून त्यांनी एक दुरेघी वही आणली आणि डाव्या हातानं अक्षरं गिरवायला बसले. अ, आ, इ… वहीभर कोंबडीचे पाय.

नलिनीबाई, त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. किती तरी दिवस नुसत्या बघत होत्या. एके दिवशी पोळ्या टाकून बाहेर आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"मी सोडायची तो रुमाल," त्या म्हणाल्या.

वायचळांची पेन्सिल थांबली.

"तो बांधून तुम्ही संध्याकाळी जरा बाहेर पडलात, की सोडायची. यायच्या आधी परत बांधायची. आमचं दोघांचं ठरलेलं होतं."

"कधी सांगितलं नाहीस."

"तुम्हाला सांगून काय होणार होतं?"

त्या आत गेल्या. पोळी करपल्याचा वास आला. वायचळ वहीकडं बघत बसले, आणि मग 'ई' गिरवायला लागले.

चाचांकडच्या फेऱ्या चालूच होत्या. डाव्या हाताच्या पट्ट्यांचा वेगळा ढीग झाला. पहिल्या पंचवीस-तीस पट्ट्या तर दाखवायच्या लायकीच्या नव्हत्या. वायचळ तरी दाखवत. पूर्वी ते पट्टी पुढं करून 'मोजून घ्या' म्हणत. आता पुढं करत आणि काहीच म्हणत नसत.

एकदा म्हणाले, "भीती वाटते हो कानस लावताना. हात कापतो."

"व्हय," चाचा म्हणाले. "कापतो."

एवढंच. पण परत जाताना एसटीत वायचळांना खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला रोज संध्याकाळी असंच वाटत असणार, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. आणि कळून आता करायचं काय, ते कुणी सांगणार नव्हतं.

दीड वर्ष गेलं.

एके दिवशी वायचळ आले, तर व्हाइसमध्ये सुरी लावलेली होती. पाठ वर करून, पात्याला दोन्हीकडून चामडं लावून. शेजारी खडू आणि दोन कानशी.

चाचा पलीकडं एका विळ्याला धार लावत बसले होते. वर बघितलं नाही.

"आज?" वायचळांनी विचारलं.

चाचांनी विळा उलटवून पुन्हा घासायला घेतला.

"बिघडलं तर?"

"बिगडंल."

"काढलेलं लोखंड परत बसत नाही, चाचा."

"न्हाई बसत."

वायचळ पलीकडच्या बाजूला गेले. त्या खोलगट जागेत पाय ठेवला. कानशीला खडू घासला, म्हणजे दातांत कीस अडकू नये. सारंगच्या बाराव्या पानापुढं त्यांनी डाव्या हातानं तेरावं पान धरलं.

त्या दिवशी एवढंच झालं. एक पान. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

मग प्रत्येक फेरीला एक पान. कधी तेही नाही. कधी नुसते उभे राहत, सारंगच्या पानांतून नख फिरवत, आणि कानस न उचलता परत जात. चाचा चहा पुढं करत.

एकदा वायचळ म्हणाले, "हे सातवं पान बघा. इथं त्याचा हात थांबलाय मधेच. मग पुन्हा लावलाय."

"फोन आला आसंल."

"दुपारी?"

"दुपारीच यायचा त्येला. आईचा."

वायचळांनी त्या सातव्या पानातून पुन्हा नख फिरवलं.

हळूहळू अकरा पानं झाली. वेल टोकाला पोचली. वायचळांनी तारेच्या ब्रशनं कीस झाडला, तेलाचं बोट फिरवलं, आणि सुरी दारात, उन्हात नेली. चाचा मागोमाग आले.

वेल मुठीपासून टोकापर्यंत सलग होती. बारा आणि अकरा. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला दाखवली असती, तर एका हातचीच म्हणाला असता.

पण वायचळ रस्त्यानं जाणारे नव्हते. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं. सावकाश पाठीवरून सरकवत नेलं. मधे आल्यावर भिंग थांबलं.

"सांधा दिसतोय."

चाचा जवळ सरकले.

"इथं. त्याचं बारावं पान मोकळं आहे, पुढं निघालेलं. आणि माझं तेरावं… भीत भीत काढलंय. नख अडकतं मधे." त्यांनी भिंग खाली केलं. "चौतीस वर्षांत असलं काम कधी दाराबाहेर जाऊ दिलं नाही मी."

ते आत आले. सुरी पुन्हा व्हाइसमध्ये बसवली. कानस उचलली. डाव्याच हातात.

"माझ्या पानात आता वाव नाही. पण त्याचं बारावं जरासं उतरवलं, दोनच हात मारले, की एकजीव होईल सगळं. कुणाला कळणार नाही."

कानस सारंगच्या शेवटच्या पानावर टेकली.

चाचांनी सुरीच्या पाठीवर आपला तळवा ठेवला. कानशीच्या दातांखाली.

वायचळ थांबले. वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"मला एकच वेल व्हायला हवी होती, चाचा. एवढंच हवं होतं. पण त्याचं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं, ते कळतंय…"

चाचांनी त्यांच्या हातातली कानस अलगद काढून घेतली.

"कळू द्या की, साहेब… तितंच तर तुमची दोघांची गाठ पडली."